सणाच्या पक्वान्नांचे लेखन : प्रमाण आणि खूण

मराठीत पाकग्रंथांची परंपरा जुनी आहे. परंतु उपयुक्त पुस्तके एवढे म्हणून त्यांची बोळवण होते, त्यांची समीक्षा क्वचितच केली जाते. वस्तुतः सणाच्या पक्वान्नांसंबंधीचे लेखन ही भाषेच्या सामर्थ्याची एक कठीण कसोटी होय. रोजची भाजी-आमटी हातवळणाने साधते. अनारसे, चिरोटे किंवा पाकातले लाडू मात्र बहुतेक घरी वर्षातून एकदाच होतात, आणि मधल्या काळात हात विसरतो. अशा वेळी हाताचे काम शब्दांनाच करावे लागते. ते काम पाकग्रंथ कितपत करतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पक्वान्नाच्या कृतीत दोन प्रकारच्या सूचना असतात. पहिली प्रमाणाची : कोणता जिन्नस किती घ्यावा. दुसरी खुणेची : पदार्थ कोणत्या अवस्थेस पोचला हे कशावरून ओळखावे. पहिल्या बाबतीत मराठी पाकग्रंथांनी केलेली प्रगती नि:संशय मोठी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आद्य मुद्रित पाकग्रंथ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्या काळी व्यवहारात शेर, पावशेर, तोळे, मासे ही मापे होती, आणि शेर प्रांतोप्रांती एकच नव्हता. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि जुनी मापे पुढील पिढीस दुर्बोध झाली. या पार्श्वभूमीवर कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) या ग्रंथाचे महत्त्व ध्यानात येते. त्यात वाटी व चमचा ही घरातली मापे स्वीकारलेली आहेत. वाटी लहान असो वा मोठी, सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले म्हणजे त्यांचे परस्परप्रमाण बिघडत नाही. शेराचे ओझे नको आणि तराजूचीही गरज नको, अशी ही योजना आहे. ती वरकरणी साधी वाटते; परंतु नव्याने संसार मांडणाऱ्या वाचकवर्गाची अडचण तिने नेमकी ओळखली.

तथापि प्रमाण जेथे संपते तेथे खरी अडचण सुरू होते. अनारशाचे उदाहरण घ्यावे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावा, रोज पाणी बदलावे, मग निथळून फडक्यावर सावलीत पसरावा, दमट असतानाच कुटून चाळावा आणि गूळ घालून गोळा मुरवीत ठेवावा, एवढे कोणतेही पुस्तक सांगू शकते. पण ‘दमट’ म्हणजे किती? पीठ फार सुकले तर गूळ त्यास भिजवू शकत नाही आणि अनारसा कडक होतो. ओल किंवा गूळ अधिक झाला तर तळताना तो तुपात पसरून विरतो. घराघरांतील स्त्रिया यास ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. या एका क्रियापदात दोष, त्याचे दृश्य रूप व त्याविषयीची किंचित थट्टा ही तिन्ही सामावली आहेत. खसखशीची बाजू वर ठेवून, अनारसा न उलटता, झाऱ्याने तूप उडवीत मंद आचेवर तळणे आणि जाळी पडली म्हणजे काढणे, हे सर्व डोळ्यांचे ज्ञान आहे. अधिक मासात जावयास तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल आहे, आणि अधिक मास सुमारे ३२-३३ महिन्यांनी येतो. ज्या घरी अनारसे केवळ त्या निमित्ताने होतात, तेथे हे ज्ञान स्मरणात टिकावे कसे?

चकलीच्या मोहनाचेही तसेच आहे. कढत तेल घातलेले पीठ मुठीत दाबले असता मूठ वळली पाहिजे. मोहन कमी पडल्यास चकली कडक होते, जास्त झाल्यास तेलात विरते. रव्याच्या लाडवाचा पाक एकतारी झाला की नाही हे अंगठा व तर्जनी विलग करून पाहावयाचे असते. या ठिकाणी ‘आवश्यकतेनुसार’, ‘बेताचे’, ‘अंदाजाने’ असे लिहिणारा ग्रंथ वाचकास ऐन प्रसंगी एकटे सोडतो.

खूण शब्दांत मावत नाही, ती पाहूनच शिकावी लागते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मंडकांची कृती आहे. धुऊन वाळविलेला गहू, चाळलेले पीठ, तूपमीठ घालून मळलेले गोळे, हातांनी पसरविणे आणि तापलेले खापर, असा तिचा क्रम आहे. केवळ हे वाचून कोणास मांडे येतील असे नाही. खानदेशात आजही खापरावर पुरणाचे मांडे होतात ते हातावरून हातावर आलेल्या शिक्षणामुळे. परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावी. ग्रंथ नसता, तर मांड्यांचे कूळ इतके मागे नेता आले नसते. लेखन हाताची जागा घेत नाही. ते हाताची साक्ष ठेवते.

शिवाय खूण अगदीच अवर्णनीय आहे असेही नाही. ‘मूठ वळणे’, ‘एकतारी’, ‘गोळीबंद’, ‘हसणे’, ‘जाळी पडणे’, ‘खमंग वास सुटणे’ हे शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने घडलेली परिभाषाच होय. ती कोणा शास्त्रीमंडळाने ठरविलेली नाही. ती चुलीपुढे ठरली. आज फराळ विकत आणण्याची सोय सर्वत्र झाली आहे. श्रम वाचतात, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. दिवाळीपूर्वीचे ते श्रम बहुधा स्त्रियांच्याच वाट्यास येत असत, हे विसरता कामा नये. परंतु विकतच्या डब्यातून लाडू घरी येतो, ‘एकतारी’ हा शब्द येत नाही. पदार्थ राहील आणि त्याची भाषा जाईल, असा हा धोका आहे. भाषा गेली म्हणजे पदार्थाचा बरावाईटपणा सांगण्याचे साधनही जाते आणि उरतो तो केवळ ‘छान’ हा एक शब्द.

म्हणून पाकग्रंथाचे मूल्यमापन त्यातील कृतींच्या संख्येवरून करणे अपुरे आहे. प्रत्येक कृतीपुढे तीन प्रश्न ठेवावेत. अवस्थेची खूण दिली आहे काय? दोष व त्याचे कारण सांगितले आहे काय? आणि त्या दोषावरचा उपाय नोंदला आहे काय? अनारसा हसला तर पुढे काय करावे, हे जो ग्रंथ सांगतो, तोच सणाच्या आदल्या रात्री उपयोगी पडतो.