गोळीचा मार्ग : एका सत्यनिष्ठ ग्रंथाचें परीक्षण

बंदुकीवरील ग्रंथाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांस पडेल. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा आपल्या देशांत छंद म्हणून उरलेला नसल्यामुळें तो अधिकच पडेल. तथापि ग्रंथाचा विषय व ग्रंथाचा गुण या दोन भिन्न वस्तु आहेत. डॉ. फ्रँकलिन मॅन या अमेरिकन गृहस्थानें १९०९ सालीं प्रसिद्ध केलेला ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टु टार्गेट’ हा ग्रंथ आम्हांस मोलाचा वाटतो, तो बंदुकीसाठीं नव्हे, तर त्यांतील सत्यकथनासाठीं.

ग्रंथ ज्या वातावरणांत जन्मला तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. एका वेळीं एकच काडतूस घेणारी रायफल हें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कारागिरीचें एक नमुनेदार फळ होय. तरफ खालीं ओढली कीं नळीमागचा पोलादी ठोकळा खालीं सरकतो. काडतूस हातानें आंत सारावयाचें आणि तरफ वर घेऊन तोंड बंद करावयाचें. जॉन ब्राउनिंग यानें १८७९ सालीं पेटंट घेतलेली अशी एक रायफल विंचेस्टर कंपनीनें १८८५ पासून १९२० पर्यंत तयार केली. अशा सुमारें १,४०,००० रायफली निघाल्या. आज अमेरिकेंतले शोकी त्या हौसेनें मिळवितात. परंतु रायफल हातीं आली म्हणजे काम संपलें, असें नाहीं. तें तेथेंच सुरू होतें. तिच्या कित्येक मापांचीं काडतुसें कारखान्यांनीं केव्हांच सोडून दिलीं आहेत. शिवाय एकाच नांवाच्या दोन जुन्या नळ्यांचा आंतील व्यास तंतोतंत जुळेल, याचा भरंवसा नसतो. म्हणून मऊ शिशाचा तुकडा नळींतून ठोकून पलीकडे काढावयाचा, त्यावर उमटलेल्या खांचांवरून माप घ्यावयाचें, आणि त्या मापाची गोळी शिसें व कथील यांच्या मिश्रणाची ओतावयाची. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हां आकारांत आणून तींत नवी टोपी बसवावयाची, दारू ग्रेनांत तोलावयाची व वर गोळी बसवावयाची. एका पौंडांत ७,००० ग्रेन भरतात, यावरून हें तोलणें किती नाजूक असेल याची कल्पना यावी. त्यांतहि जी रायफल काळ्या दारूच्या काळांत घडली, तींत बिनधुराची दारू त्याच मापानें भरली तर ठोकळा फुटण्याचा संभव असतो, आणि भरणाराचा चेहरा त्या ठोकळ्यापासून वीतभर अंतरावर असतो. येथें अजमासाचा व्यवहार चालत नाहीं.

अशा नाजूक कामाभोंवतीं समजुतींचें रान माजावें, हें स्वाभाविक आहे. कोणी म्हणतो, सारें रहस्य गोळीला लावावयाच्या चरबींत आहे. कोणी कथिलाच्या प्रमाणाची शपथ घेतो. कोणास दारूची एक विशिष्ट जात सिद्धमंत्रासारखी वाटते. ज्या दिवशीं पांच गोळ्या एका रुपयाखालीं झांकल्या जातात, त्या दिवसाचा कागद जपून ठेवावयाचा आणि बाकीच्या दिवसांचे कागद चुलींत घालावयाचे, हा या छंदांतील जुना मोह. या विषयावरील पुष्कळसें लेखन अशा निवडक कागदांवरच उभें असतें.

मॅननें नेमका हाच मोह टाकला. हा मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचा राहणारा. वैद्यकाची पदवी घेतलेल्या या गृहस्थानें कोंबड्यांच्या खाद्यासाठीं ताजीं हाडें कापण्याचें यंत्र काढून पैसा मिळविला, आणि तो गोळ्यांचा मार्ग शोधण्यांत खर्च केला. नेमबाजाचा खांदा आणि डोळा यांचा दोष निकालांत मिसळूं नये म्हणून त्यानें नळी काँक्रीटच्या एका जड ओट्यावर बसविली. त्या ओट्याला तो ‘जिब्राल्टर’ म्हणे. गोळीच्या वाटेवर त्यानें ओळीनें कागदाचे पडदे लावले, म्हणजे ती कोठें कलते तें छिद्रांवरून वाचतां येई. हॅरी पोप या त्या काळच्या नामांकित कारागिराच्या नळ्या त्यानें वापरल्या. मग त्यानें कांहीं गोळ्यांचीं टोकें मुद्दाम विद्रूप केलीं व कांहींचे तळ. टोंक बिघडल्यानें फारसें कांहीं झालें नाहीं. तळ किंचित् बिघडला कीं गोळी भरकटली. कारण उघड आहे: तळ नळीचें तोंड सोडतो त्या क्षणीं, तो एका बाजूनें झिजलेला असेल तर मागचा वायु त्या बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीस कलतें करतो. लोक ज्या टोंकाकडे कौतुकानें पाहत, तें जवळजवळ निर्दोषी ठरलें. आणि जो तळ पुंगळींत लपलेला असतो, तोच अपराधी निघाला.

हा निष्कर्ष महत्त्वाचा खराच. परंतु आमच्या मतें ग्रंथाची थोरवी त्यांत नाहीं. ती यांत आहे कीं, जे प्रयोग फसले तेहि मॅननें, जे साधले त्यांच्याइतक्याच काळजीनें लिहून ठेविले. वाचक पानामागून पान उलटतो आणि अमुक केलें, उपयोग झाला नाहीं. तमुक केलें, शंका वाढली, अशीच नोंद पाहतो. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारा कागद न जाळणें हें शास्त्रांतच काय, चरित्र, इतिहास व टीका यांतहि दुर्मिळ झालेलें शील आहे. पुढें या ग्रंथाची जी एक आवृत्ति निघाली, तींत खुद्द पोपनें केलेल्या टिपा छापल्या आहेत. ज्या ग्रंथांत सारे कागद मांडलेले असतात, त्याच्याशींच जाणत्या कारागिरास असा वाद घालतां येतो.

दोषहि सांगितले पाहिजेत. ग्रंथाची मांडणी विस्कळित आहे. मॅनची भाषा रुक्ष असून अनेक ठिकाणीं वाचकालाच धागा जुळवून घ्यावा लागतो. याहून मोठी उणीव अशी कीं, त्याचा शोध निशाणाच्या कागदापाशीं थांबतो. शिकारीची रायफल मात्र कागदासाठीं घडलेली नसते. कागदावर दोन इंच चुकलेली गोळी ही एक नोंद असते. हरणाच्या अंगावर चुकलेले तेच दोन इंच म्हणजे रात्रभर रानांत रक्त सांडीत फिरणारा जीव असतो. एकच बार असल्यामुळें शिकारी सावध होतो, म्हणून ही रायफल अधिक दयाळू, असें तिचे भक्त म्हणतात. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. लोखंडांत दया नसते. ती असलीच तर आदल्या रात्रीं दारू तोलणाराच्या हातांत असते, आणि ज्या अंतरावर आपली भरणी पारखलेली नाहीं त्या अंतरावर चाप न ओढण्याच्या त्याच्या निर्धारांत असते.

हा निर्धार मॅनच्या ग्रंथांत शब्दानें कोठेंहि सांगितलेला नाहीं. परंतु आपल्याला काय माहीत आहे व काय नाहीं, यांमधील रेघ स्वच्छ आंखण्याची जी संवय तो वाचकास लावतो, तिच्यावांचून असा निर्धार संभवत नाहीं. ज्यांना बंदूक कधींहि हातीं धरावयाची नाहीं, त्यांनींहि हा ग्रंथ एकवार चाळावा, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.