पिसांचा हिशेब

बडोद्याला चित्रकलेचं कौतुक नवं नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, राजवाड्यासाठी रविवर्म्याकडून पौराणिक चित्रं करवून घेतली. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोसांचा हात फिरला. 1950 मध्ये विद्यापीठाची ललित कला शाखा सुरू झाली आणि ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखा शिक्षक तिला लाभला. या सगळ्या गोतावळ्यात एका माणसाला मात्र कुणी फारसं आत बोलावलं नाही : कुठल्याही कलाशाळेत न जाता, पक्ष्याचं पीस न् पीस रंगवत बसणारा चित्रकार.

तो शिकलेला नाही म्हणून, असं म्हणावं तर भूपेन खख्खर आडवे येतात. 1934 मध्ये मुंबईत जन्मलेला हा चार्टर्ड अकाउंटंट 1962 मध्ये बडोद्यात आला. इथे त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला, पण चित्रकलेचं रीतसर शिक्षण कधीच घेतलं नाही. हिशेबाची नोकरी सांभाळून घड्याळजी, शेजारीपाजारी रंगवले. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. म्हणजे बडोद्याला स्वयंशिक्षित माणसाचं वावडं नाही. वावडं आहे ते बारकाव्याचं. हुबेहूब काढणं ही कारागिरी, कला त्यापुढे सुरू होते, हा आधुनिकांचा समज इथेही पक्का रुजला. पक्षी इथल्या कलेत आले, नाही असं नाही. ज्योती भट्टांच्या मुद्राचित्रांत पोपट आणि मोर आहेत, ज्योत्स्ना भट्टांच्या मातीकामात घुबडं आहेत, आणि फार देखणी आहेत. पण तो पक्षी आकार म्हणून येतो, प्रतीक म्हणून येतो. त्याच्या पंखातली पिसं कुणी मोजत नाही.

गंमत अशी, की याच गुजरातेत एका बादशहाने पक्षी निरखण्याचा धडा घालून दिला होता. जहांगीर 1618 च्या सुमारास गुजरातेत होता. लैला-मजनू नावाची सारसांची पाळलेली जोडी त्याच्या छावणीत होती. तिचा मीलनकाळ, अंडी उबवण्यातली नर-मादीची पाळी, पिल्लं, हे सारं त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं. त्याच्या दरबारातला उस्ताद मन्सूर हा पक्षी रंगवणाऱ्यांचा शिरोमणी. त्याने काढलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे. पल्लास या शास्त्रज्ञाने त्या क्रौंचाला शास्त्रीय नाव दिलं 1773 मध्ये, मन्सूरच्या चित्रानंतर जवळजवळ दीड शतकाने. पुढे 1777 ते 1782 या काळात कोलकात्यात लेडी इम्पीने पाटण्याच्या शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून पक्ष्यांची चित्रं करवून घेतली. तिथेही शास्त्र आणि कला एकाच कागदावर नांदली. घटस्फोट नंतरचा आहे.

आता सारसाचंच चित्र घ्या. लाल डोकं आणि वरची मान ही पिसांची नव्हे, उघड्या कातडीची. ती खडबडीत असते, तिच्यावर तुरळक राठ केस असतात, आणि विणीच्या काळात तिचा लाल रंग पेटतो. नवखा चित्रकार तिथे मऊ पिसं रंगवून मोकळा होतो. मागचा झुबका तो शेपटी म्हणून काढतो. खरं तर शेपटीवर लोंबतात ती पंखातली आतली लांब पिसं. आणि सगळ्यात मोठी फसगत पंखांच्या टोकाशी : उड्डाणाच्या पिसाचा दांडा मध्यभागी नसतो, बाहेरच्या कडेला सरकलेला असतो. सगळे दांडे मधोमध ओढले की पक्षी कागदी होतो. अशा वेळी खारीच्या केसाचा कुंचला आणि लघुचित्रांतलं परदाजचं बारीक काम कितीही सफाईदार असो, उपयोग शून्य. बारकावा हातात नसतो, पाहण्यात असतो.

आजच्या पक्षीचित्रांची खरी दुखणी इथूनच सुरू होतात. बरीचशी चित्रं पक्षी पाहून नाही, फोटो पाहून होतात, आणि तो फोटोही पुष्कळदा दुसऱ्याचा. मग टेलीफोटो लेन्सची धूसर हिरवी पार्श्वभूमी जशीच्या तशी कागदावर उतरते. आपल्या डोळ्यांना दलदल अशी कधी दिसते? सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात गोठलेला पंख येतो, पण वजन येत नाही, वारा येत नाही. समाजमाध्यमांवर ‘फोटोच वाटतो!’ अशी दाद मिळते आणि चित्रकार खूश होतो. ही दाद नव्हे, तक्रार आहे. फोटोच हवा असेल तर कॅमेरा आहे की.

याउलट अमेरिकेचा पक्षीचित्रकार ऑड्युबन. तोही जवळजवळ स्वयंशिक्षित. 1827 ते 1838 या काळात त्याने 435 चित्रं छापून काढली. पक्षी मारून, तारांनी ताणून तो त्यांना उभं करी. आज ते वाचवत नाही, तरी प्रत्येक पक्षी त्याने हाताळलेला होता हे चित्रात दिसतं.

कॅमेऱ्याने पक्षीचित्रं संपवली, हेही खरं नाही. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांत चित्रच सरस ठरतं, कारण नर, मादी, पिल्लू एकाच प्रकाशात, एकाच पवित्र्यात शेजारी मांडता येतात. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याच्या 1998 च्या भारतीय उपखंडाच्या पुस्तकासाठी चित्रकारांचा मोठा ताफा राबला. त्यात गोव्याचा कार्ल डिसिल्व्हा होता. बाकीची नावं जवळजवळ सगळी पाश्चात्त्य. मन्सूरच्या देशात ही टंचाई का, याचं उत्तर कलाशाळांनी द्यायला हवं.

विषयांची तर बडोद्याला ददात नाही. डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव गायकवाडी अमदानीत बांधला गेला आणि 2021 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब उतरतात, बदकांचे थवे येतात, काठावर लांब लांब लेन्स रांगेने उभ्या राहतात. चित्रवही घेऊन बसलेला माणूस क्वचितच दिसतो.

सयाजीबागेतल्या वस्तुसंग्रहालयात एकीकडे निसर्गविज्ञानाचा विभाग आहे, दुसरीकडे मोगल लघुचित्रं आहेत. संग्रहालयाने आणि ललित कला शाखेने मिळून दरवर्षी एक महिना या दोहोंच्या मध्ये एक दालन मोकळं ठेवावं. तिथे वढवाण्याच्या काठावर, प्रत्यक्ष पाहून काढलेली चित्रंच लावावीत. काढणाऱ्याकडे पदविका आहे की नाही, हे विचारू नये.