सहावे लक्षण

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. जातीचा धडा आला की घुर्ये यांची सहा लक्षणे फळ्यावर लिहायची, हा शिरस्ता. १९३२ च्या ग्रंथातील या यादीत विवाहबंधन शेवटी येते. घुर्ये यांनी त्याचे महत्त्व नाकारलेले नाही. पण क्रमिक पुस्तकांनी यादी उचलली आणि कारण सोडून दिले.

ते कारण बाबासाहेबांनी त्याआधीच, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. जातीबाहेर लग्न होऊ न देणे हाच जातीचा प्राण. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो टिकवण्याची साधने.

आमची मुले एका लोकलने येतात, एका बाकावर बसतात. पहिली पाच लक्षणे त्यांना इतिहासजमा वाटतात. सहावे उच्चारताच वर्ग गप्प होतो. एक मुलगी विचारते, "सर, मग घरी काय सांगायचं?"

पुढल्या वर्षी तास मिळतील की नाही, याची खात्री नसलेल्या मास्तराला पाचच लक्षणे सोयीची असतात. मीही बरेच दिवस तिथेच थांबलो. ती चूक होती. धड्याची सुरुवात सहाव्यापासूनच केली पाहिजे.