कबुलीच्या पुढची वाट

जॉन एरिक डाउडल दिग्दर्शित ‘ॲज अबव्ह, सो बिलो’ (२०१४) हा भयपट पॅरिस शहराखालच्या भुयारांत घडतो. पात्रांनी स्वतःच टिपलेली दृश्ये आपण पाहत आहोत, असा आभास हा चित्रप्रकार निर्माण करतो. १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने त्याला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. येथे डोक्यावरच्या दिव्याचा उजेड पोहोचेल तेवढेच प्रेक्षकाला दिसते. बरेचसे चित्रण प्रत्यक्ष भुयारांत झाल्याने त्यातील घुसमट खरी वाटते.

ही भुयारे मुळात चुनखडीच्या जुन्या खाणी होत. शहरातील जुनी दफनभूमी ओसंडून गेल्याने १७८० साली बंद झाली. १७८६ साली या खाणींना आशीर्वाद देण्यात आला. मग रात्रीच्या वेळी काळे आच्छादन घातलेल्या गाड्यांतून, धर्मगुरूंच्या प्रार्थनांसह, तेथे अस्थी नेण्यात आल्या. आज सुमारे ६० लाख मृतांचे अवशेष तेथे विसावले आहेत. एवढ्या श्रद्धेने नेलेल्या अस्थींना चित्रपटाने निव्वळ भीतीची सजावट करावी, हे दोन नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या भाविकाला खटकल्यावाचून राहत नाही.

कथानक मात्र गंभीर आहे. परिसाच्या शोधात उतरलेली स्कार्लेट व तिचे सोबती नरकाच्या दारी पोहोचतात आणि प्रत्येकाचे जुने पाप समोर उभे राहते. स्कार्लेटने वडिलांचा फोन घेतला नव्हता. त्यांनी आत्महत्या केली. गुहेत अडकलेल्या भावासाठी जॉर्ज वेळेवर मदत आणू शकला नाही. झेडने आपले मूल आपले नाही, असे सांगितले. स्कार्लेट मृत पित्याला मिठी मारून क्षमा मागते, तो क्षण साऱ्या चित्रपटात उजवा आहे. लपवलेले पाप माणसाला आतून पोखरते आणि ते बोलून दाखवल्यावाचून सुटका नाही, हे सत्य येथे प्रभावीपणे येते.

उणीव शेवटी जाणवते. तिघे आपापल्या पापांची कबुली देतात, खोल खड्ड्यात उडी घेतात आणि शहराच्या रस्त्यावर बाहेर पडतात. अधोलोकातून खाली जाता जाताच वर येणे ही कल्पना दान्तेची. परंतु ‘डिव्हाइन कॉमेडी’तला यात्रिक नरकातून बाहेर पडताच मुक्त होत नाही. पुढे त्याला शुद्धिस्थानाचा डोंगर चढावा लागतो. चित्रपटाला हा डोंगर ठाऊकच नाही. त्यामुळे कबुली ही दार उघडणारी किल्ली तेवढी ठरते.

भयपटाने धर्मशिक्षण द्यावे, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण दान्तेचे बोट धरल्यावर त्याच्या मापाने मोजले जाणे ओघानेच आले. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांबरोबरच धर्मगुरूंकरवी मिळणारी देवाची क्षमा असते, तसेच झालेल्या हानीची शक्य तेवढी भरपाईही असते. झेड बाहेर आला; पण त्याचे मूल? तो त्याच्याकडे गेला का, हे चित्रपट सांगत नाही. प्रौढांनी हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि पाहून झाल्यावर या नाकारलेल्या मुलाविषयी घरात बोलावे.