वजनकाटा आणि फळी : मुंबईतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांविषयी



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय 'मुंबईतली पुस्तकांची दुकानं : काही आठवणी'. संयोजकांची क्षमा मागून त्यातला 'आठवणी' हा शब्द मी बाजूला ठेवतो. या दुकानांच्या आठवणी आपण भरपूर लिहिल्या आहेत. विचार मात्र थोडा केला. तेव्हा आज थोडी चिकित्सा करू. एका आठवणीपासून मात्र माझीही सुटका नाही, ती आधी सांगून टाकतो.

साल 1978 च्या आसपासचं. पीएच.डी.चं काम चाललं होतं, विषय कार्यकारणभाव. फाउंटनच्या पदपथावर तेव्हा पुस्तकांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या. मी तिथे हेगेलविषयीचं एक पुस्तक शोधत होतो. ते मिळालं नाही. विक्रेता मला दोन-तीन वर्षं बघत आला होता. त्याने थप्पीच्या खालून एक पुस्तक ओढून काढलं आणि म्हणाला, "साब, ये देखो. वो दाढीवाले प्रोफेसर भी यही ढूंढते थे." ते कॉलिंगवूडचं आत्मचरित्र होतं. मला ते नको होतं. तरी भीडेखातर घेतलं. कोणत्याही विधानाचा अर्थ कळायचा असेल तर ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे आधी शोधावं लागतं, हा त्या पुस्तकातला विचार वाचला आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण कोसळलं. ते सगळं पुन्हा लिहावं लागलं. आज वाटतं, त्या प्रबंधात टिकाऊ काही असेल तर ते त्या प्रकरणातच आहे.

आता यात नेमकं काय घडलं? प्लेटोच्या 'मेनो' नावाच्या संवादात एक जुना पेच आहे. जे ठाऊक आहे ते शोधायचं कशाला? आणि जे ठाऊकच नाही ते शोधायचं कसं? समोर आलं तरी 'हेच ते' असं ओळखणार कसं? प्लेटोने या पेचातून सुटायला आत्म्याच्या पूर्वस्मरणाचा आधार घेतला. मला एवढं लांब जायची गरज वाटत नाही. फाउंटनवरचं उत्तर साधं होतं. मला जे ठाऊक नव्हतं ते आधी दुसऱ्या कोणीतरी शोधलं होतं, आणि तो शोध एका तिसऱ्या माणसाने लक्षात ठेवला होता. त्या विक्रेत्याला कॉलिंगवूड कोण हे माहीत नसावं. पण कोणत्या तऱ्हेचा माणूस कोणतं पुस्तक उचलतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. जुन्या पुस्तकांचं दुकान म्हणजे स्वस्त पुस्तकांचं दुकान नव्हे. रद्दीचा वजनकाटा आणि पुस्तकाची फळी यांच्या मध्ये एक माणूस उभा असतो. तो निवड करतो, त्या निवडीला दुकान म्हणायचं. ही निवड आपण कधी निवड मानलीच नाही. म्हणून ती गेली तेव्हा काय गेलं तेही आपल्याला नीट सांगता आलं नाही.

आपण काय सांगितलं ते आठवून बघा. धोबी तलावाजवळ काळबादेवी रस्त्यावरचं 'न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप' 1905 सालचं. ते 2011 मध्ये बंद झालं. टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये स्ट्रँड सिनेमात सुरू केलेलं आणि पुढे फोर्टात आलेलं 'स्ट्रँड बुक स्टॉल' 2018 मध्ये बंद झालं. त्याआधी 2005 मध्ये फाउंटनच्या पदपथावरचे विक्रेते महापालिकेने हटवले. प्रत्येक वेळी लेख आले. सगळ्या लेखांत जुन्या कागदाचा वास होता, लाकडी शिडी होती, धूळ होती, आणि 'एक युग संपलं' हे वाक्य होतं. मीही एक लेख लिहिला होता. तो परवा काढून वाचला आणि लाज वाटली. अख्ख्या लेखात विक्रेता काय काम करतो याविषयी एक ओळ नाही! आणि एक गोष्ट मी त्या लेखात लपवली होती. स्ट्रँड बंद होण्याआधीची चार वर्षं मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. पुस्तकं घरपोच येत होती.

हा दोष आपल्यापुरता नाही. वाल्टर बेन्यामिनचा आपला ग्रंथसंग्रह खोक्यांतून बाहेर काढण्याविषयीचा 1931 चा निबंध प्रसिद्ध आहे, आणि थोर आहे. पण तो संग्राहकाचा निबंध आहे. पुस्तक हाती लागण्याचा थरार त्यात आहे. ते हाती लागेपर्यंत ज्यांनी उचललं, वेगळं काढलं, जपून ठेवलं त्यांचं काम त्याच्या मध्यभागी नाही. या विषयावरचं बहुतेक लिखाण गिऱ्हाइकाच्या बाजूने झालं आहे. गल्ल्याच्या पलीकडे जाऊन कोणी बघत नाही.

म्हणून ती बाजू जरा बघू. घरातला जाणता माणूस जातो किंवा घर बदलतं, तेव्हा कपाट रिकामं होतं. पुस्तकं पस्तीवाल्याकडे जातात. तिथे ती वर्तमानपत्रं आणि पुठ्ठ्यांबरोबर किलोवर मोजली जातात. जुन्या पुस्तकांचा विक्रेता पस्तीच्या दुकानांत फेरी मारतो आणि ढीग उपसून काही पुस्तकं वेगळी काढतो. रद्दीपेक्षा जरा चढा भाव देऊन ती उचलतो. बाकीची लगद्याला जातात. आता लक्षात घ्या, त्याने उचललेलं पुस्तक विकलं गेलं नाही तर पैसे त्याचे बुडतात. आम्ही समीक्षक एखादं पुस्तक महत्त्वाचं म्हणतो, तेव्हा चुकलो तरी आमचं काही जात नाही. त्याचं जातं. म्हणून त्याच्या निवडीला मी मूल्यनिर्णय म्हणतो, आणि तोही जोखीम घेऊन केलेला.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुण मित्राने विचारलं, "सर, संगणकही सुचवतोच की पुस्तकं." सुचवतो, खरं आहे. पण तो मी पूर्वी काय घेतलं यावरून सुचवतो, आणि त्याच्या यादीत जे आहे त्यातूनच सुचवतो. यादीत नसलेलं पुस्तक त्याच्या दृष्टीने जगात नाही. आणि इथून पुढचा प्रश्न तुमच्या-माझ्या भाषेचा आहे.

त्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही दुकानं म्हणजे काही देवळं नव्हती. फोर्टातल्या काचेच्या दारांतून आत जायला गिरणगावातला विद्यार्थी बिचकत असे, मीही बिचकलो आहे. पदपथावर ती भीती नव्हती, पण तिथे चोरून छापलेल्या प्रतीही राजरोस विकल्या जात आणि आजही जातात. लेखकाचं नुकसान करून झालेल्या वाचनप्रसाराचं कौतुक मला करता येत नाही. आणि सगळं संपलं, असंही नाही. 2011 मध्ये सुरू झालेलं फाउंटनजवळचं 'किताबखाना' 2020 च्या आगीनंतर पुन्हा उभं राहिलं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर आजही पुस्तकांच्या भिंती उभ्या आहेत.

पण त्या भिंतींपाशी उभं राहून मराठी पुस्तक मागून बघा. मी मागितलं. विक्रेता म्हणाला, "सर, मराठीला गिऱ्हाईक नाही." मी जरा चिडलो. तेव्हा त्याने मला शांतपणे हिशोब समजावला. फळीवरची जागा सारखीच अडते. इंग्रजी कादंबरी दीडशेला जाते आणि आठवड्यात जाते. मराठी पुस्तकाचे लोक पन्नास द्यायला घासाघीस करतात आणि ते सहा महिने पडून राहतं. "पस्तीवाल्याकडे मराठी खूप येतं, सर. मी उचलत नाही." त्याच्या हिशोबात मला चूक काढता आली नाही.

म्हणजे इंग्रजी पुस्तकाच्या वाटेत काटा आणि फळी यांच्यामधला माणूस अजून उभा आहे, मराठीच्या वाटेतून तो निघून गेलाय. आणि मराठीला तो जास्त हवा होता! गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या लाखो प्रती जगभर असतात, हजार लगद्याला गेल्या तर बिघडत नाही. आपल्याकडे वैचारिक पुस्तकाची आवृत्तीच मुळात हजाराच्या आसपास निघते, आणि दुसरी निघेलच असं नाही. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन क्रमांक नसतो, कित्येकदा मुखपृष्ठ फाटलेलं असतं. अशी पुस्तकं संगणकाच्या यादीत यायची कशी?

वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. 1974 सालचं तीन खंडांचं काम. मराठीत तत्त्वज्ञान करायचं तर त्याच्याशिवाय चालत नाही. माझ्याकडे पहिला आणि तिसरा होता. दुसरा खंड मला अकरा वर्षांनी मिळाला, गिरगावातल्या एका पस्तीच्या दुकानात. ढिगावर नव्हता, काट्यावर होता. काट्याच्या दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजन होतं. मी पाच मिनिटं उशिरा पोचलो असतो तर तो गोणीत गेला असता.

यावर कोणी म्हणेल, प्रत जतन करायला कायदा आहे. आहे. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. चांगली गोष्ट आहे. पण तिथे पुस्तक शिल्लक राहतं, ते वाचकासमोर येत नाही. तिथे जायला पुस्तकाचं नाव आधी ठाऊक असावं लागतं. म्हणजे आपण पुन्हा मेनोच्या पेचात!

मग करायचं काय? परिस्थितीला दोष देऊन थांबणं सोपं आहे. मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुस्तकांची वाट लावायची वेळ आली. जागा लहान केली, जिने चढवत नाहीत. मुलीने स्वच्छ सांगितलं, "बाबा, मला शंभर पुस्तकं निवडू द्या, बाकीची मी सांभाळू शकणार नाही." मी एका ग्रंथालयाला सगळा संग्रह देऊ केला. त्यांनी यादी मागितली, दोन महिने ठेवून घेतली आणि जागा नसल्याचं कळवलं. तेव्हा मला फार अपमान वाटला होता. आता वाटतं, त्यांचंही चुकलं नाही. मी त्यांना न निवडलेला ढीग देत होतो. दान म्हणत होतो खरा, पण निवडीचं कष्टाचं काम दुसऱ्यावर ढकलत होतो.

शेवटी मी एक केलं. एका जुन्या पुस्तकवाल्याला घरी बोलावलं आणि तीन दुपारी आम्ही बसलो. प्रत्येक मराठी पुस्तकात मी एक चिठ्ठी ठेवली : हे कशाविषयी आहे आणि कोणाच्या उपयोगी पडेल, दोन ओळींत. त्याने भाव लावला. काही मी फार मोलाची समजत होतो ती त्याने नाकारली, काही मी टाकणार होतो ती उचलली. आमचं भांडणही झालं. पैसे फार आले नाहीत. पण महिन्याभराने त्याचा फोन आला. साताऱ्याकडची एक मुलगी परामर्शच्या जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन गेली होती, आणि चिठ्ठीवरच्या अक्षराचा माणूस कोण म्हणून विचारत होती.

एवढंच मला आज सांगायचं होतं. पुस्तकं रद्दीत देण्याआधी अर्धा तास बसा. चांगली वेगळी काढा, त्यात दोन ओळी लिहून ठेवा, आणि ती विका. फुकट देऊ नका. ज्याने पैसे मोजले तो फळीवर जागा देतो. आणि किंग्ज सर्कलला जाल तेव्हा मराठी पुस्तक मागा. मिळालं तर घासाघीस करू नका. मागणाराच नसेल तर त्या विक्रेत्याने ते काट्यावरून का उचलावं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त जरा मोठ्याने, कानांचंही आता वय झालंय.