नाव गाजले, संगीत मागे राहिले

‘अमर अकबर अँथनी’ हा १९७७ सालचा हिंदी चित्रपट आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. ईस्टरच्या मेजवानीत एक प्रचंड अंडे उकलते आणि डोक्यावर उंच हॅट, डोळ्याला एकच काच लावलेला नायक त्यातून बाहेर पडून आपले नाव सांगतो: अँथनी गोन्साल्विस. आपल्या उपनगरांतील लग्नसमारंभांत हे गीत आजही वाजते. मात्र हे नाव प्रत्यक्षातल्या एका माणसाचे होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिन-गुरूला वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती. त्या गुरूच्या जीवनाच्या प्रकाशात या गीताचे मूल्यमापन करणे आम्हाला अगत्याचे वाटते; कारण आपल्या घरांतील गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे झाला. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज अमदानीपासून गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. कुटुंबाने त्यांना शिस्त दिली. उपासनेने, अनेक आवाज एकमेकांना न दडपता एकत्र कसे गातात, हे ऐकणारा कान दिला. आकांक्षेला तिसरा आधार मिळाला तो मुंबईचा. १९४३ साली ते नौशाद यांच्या वादकसमूहात आले आणि रागसंगीताशी त्यांचा जवळून परिचय झाला. उपजीविकेपुरते वाजवून ते थांबले नाहीत. राग पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहावा, हा ध्यास त्यांनी घेतला. १९५८ साली त्यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात झालेल्या त्याच्या कार्यक्रमात लता मंगेशकर व मन्ना डे यांचेही गायन झाले.

या घटनेचे मोल ख्रिस्तसभेने विशेष जाणावे असे आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्यास सांगितले. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनीही भारतीय सुरांतून ख्रिस्ती भक्ती प्रकट केली. चर्चमध्ये शिकलेला कान आणि या भूमीचा राग यांचे वैर नाही, हे गायकवृंद-प्रमुखाच्या मुलाने आपल्या परीने आधीच दाखविले होते.

आता गीताकडे वळू. त्याची चाल उत्साही आहे, ठेका मोहक आहे आणि किशोरकुमार यांच्या आवाजात ते ऐकणाऱ्याच्या ओठांवर सहज बसते. चित्रपटातील अँथनीही केवळ विदूषक नाही. कमाईचा अर्धा वाटा देवासाठी राखणारा तो दिलदार माणूस आहे. हे गुण मान्य करूनही आमचा आक्षेप उरतो. गीताच्या मध्ये नायक अर्थहीन, अवजड इंग्रजी शब्दांची आतषबाजी करतो आणि प्रेक्षक हसतो. कॅथलिक माणूस म्हणजे मद्य, मेजवानी आणि मोडकी भाषा, हे हिंदी पडद्याचे ठरीव चित्र येथे अधिकच पक्के होते. ज्या अभ्यासू गुरूला वंदन करायचे, त्याच्या साधनेचा मागमूसही त्यात नाही. शिष्याची कृतज्ञता खरी आहे. तथापि कृतीत उरले आहे ते केवळ नाव.

परंतु सारा दोष पडद्यावर ढकलणे न्याय्य होणार नाही. तो वाद्यवृंद टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले. पुढे परतून माजोर्ड्यात प्रसिद्धीपासून दूर राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये निवर्तले. कुटुंब व चर्च यांनी बालपणी पेरलेले स्वप्न प्रौढ झाल्यावर त्याला श्रोते, पैसा आणि कायमची संस्था लागते. ती जबाबदारी एकट्या कलावंताला पेलत नाही.

मुलुंड, घाटकोपरच्या घरांत आजही हेच घडताना दिसते. नाताळच्या मध्यरात्री मिस्सामध्ये कीबोर्ड वाजविणाऱ्या मुलाचे सर्वांना कौतुक; बारावीनंतर ‘संगीतच शिकेन’ असे त्याने म्हटले की घरात शांतता पसरते. आईवडिलांची भीती खोटी नाही. घराचे हप्ते सुरांनी फिटत नाहीत, हे त्यांना कळते. पण प्रभू येशूच्या दाखल्यातील ज्या चाकराने आपले नाणे जमिनीत पुरले, त्यानेही ते भीतीपोटीच पुरले होते.

म्हणून कुटुंबाने त्या मुलाला चांगला गुरू आणि काही वर्षांचा अवधी द्यावा. धर्मग्रामाने वादकाला योग्य मानधन द्यावे, आणि वर्षातून एकदा तरी त्याने स्वतः रचलेले गीत ऐकावे, मग ते ईस्ट इंडियन बोलीतले असो वा रागदारीतले. गोन्साल्विस हे नाव आपल्याला पाठ आहे. त्यांच्या रचना आपल्या गायकवृंदांनी एकदा शोधून वाजविल्या, तर गुरुदक्षिणेचा राहिलेला भाग थोडातरी फिटेल.