एकच रेणू, दोन टक्केवाऱ्या

मोबाइल फोन उघडला की आतल्या सर्किट बोर्डावर वाळूच्या कणांएवढे मातकट तपकिरी ठोकळे दिसतात, दोन्ही टोकांना चंदेरी. ही बहुस्तरीय सिरॅमिक धारित्रे. दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये विद्युतरोधक, ही जी आकृती आपण फळ्यावर काढतो, तिचे कित्येकदा शेकडो थर या कणात एकावर एक रचलेले असतात. एका फोनला अशी हजारभर धारित्रे लागतात, विजेवर चालणाऱ्या मोटारीला दहा हजारांच्या घरात. त्यांची जगातील सर्वांत मोठी उत्पादक कंपनी म्हणजे जपानची मुराता मॅन्युफॅक्चरिंग. १९९७ चा हवामान करार ज्या क्योतो शहरात झाला, त्याच्या शेजारच्या नागाओकाक्यो येथे तिचे मुख्यालय आहे. अशा कंपनीने हवामानासाठी ठरवलेली उद्दिष्टे बारकाईने वाचून पाहावीत, असे आम्हाला वाटले.

उद्दिष्टे दोन आहेत. आर्थिक वर्ष २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत स्वतःच्या कारखान्यांतील आणि विकत घेतलेल्या विजेमुळे होणारे उत्सर्जन ४६ टक्क्यांनी घटवायचे. आणि कच्चा माल, वाहतूक, मालाचा वापर वगैरे फाटकाबाहेरचे उत्सर्जन २७.५ टक्क्यांनी. जमाखर्चाच्या रूढ भाषेत पहिल्या गटाला स्कोप १ व २ म्हणतात, दुसऱ्याला स्कोप ३.

आधी चांगले ते सांगू. दोन्ही उद्दिष्टे एकूण टनांत आहेत. ‘दर नगामागे इतकी घट’ असे म्हणून नगांची संख्या दुप्पट करण्याची पळवाट येथे नाही. धारित्रांची मागणी वाढत असताना हे बंधन स्वीकारणे सोपे नव्हे.

पण हे आकडे आले कोठून? २०१९ ते २०३० ही अकरा वर्षे. ४.२ गुणिले ११ म्हणजे ४६.२, आणि २.५ गुणिले ११ म्हणजे २७.५. अशी उद्दिष्टे तपासणारी सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह ही संस्था तापमानवाढ १.५ अंशांत रोखण्यासाठी वर्षाला किमान ४.२ टक्के घट मागते, आणि ‘२ अंशांच्या बरीच खाली’ एवढ्यावर भागवायचे असल्यास २.५ टक्के. म्हणजे फाटकाच्या आत एक हवामान आणि बाहेर दुसरे! नियमाने याला मुभा आहे. कंपनीने काही लपवलेले नाही. आमचा आक्षेप नियमावरच अधिक आहे.

तो स्पष्ट व्हावा म्हणून थोडे रसायनशास्त्र. धारित्रातील विद्युतरोधक असतो बेरियम टायटॅनेट. तो बनवण्याची जुनी आणि सरळ पद्धत अशी:

बेरियम कार्बोनेट + टायटॅनियम डायऑक्साइड → बेरियम टायटॅनेट + कार्बन डायऑक्साइड

(चुनखडीच्या भट्टीचे उदाहरण देऊन कंटाळलेल्या शिक्षकांनी हे जरूर वापरावे.) रेणुभार अनुक्रमे २३३ आणि ४४ घेतले, तर एक किलो टायटॅनेटमागे सुमारे १८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू इंधनाच्या ज्वलनातून आलेला नाही, प्रत्यक्ष अभिक्रियेतून आलेला आहे. छपरावर कितीही सौर पट्ट्या बसवल्या तरी तो कमी होत नाही. आता ही भुकटी कंपनीने स्वतः बनवली तर हा वायू स्कोप १ मध्ये जातो आणि त्याला ४६ टक्क्यांची अट लागते. तीच भुकटी दुसऱ्याकडून घेतली तर तो स्कोप ३ मध्ये जातो आणि अट २७.५ वर येते. रेणू तोच, तो ज्यात मिसळतो ती हवाही तीच.

अर्थात एका धारित्रात भुकटी असते ती मिलिग्रॅमच्या अंशाएवढी. खरा भार विजेचा आणि उष्णतेचा. निकेलच्या शाईने छापलेले थर रचून, कापून ते हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजावे लागतात, तेही ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या वायूत, कारण नाहीतर निकेलचे ऑक्सिडीकरण होईल. अशा भट्ट्या रात्री विझवून सकाळी पेटवण्याजोग्या नसतात. आणि जपानची सुमारे दोन-तृतीयांश वीज अजूनही खनिज इंधनांपासून येते.

कंपनीने सर्व वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचे वचन दिले आहे. प्रथम मुदत २०५० होती, ती पुढे २०३५ वर आणली. फुकुई प्रांतातील कानाझू येथील कारखान्यात २०२१ मध्ये सौर पट्ट्या आणि साठवणीच्या बॅटऱ्या बसवल्या, ही गोष्ट खरोखर कौतुकाची. मात्र भट्टी चोवीस तास चालते आणि सूर्य तळपतो दिवसाच. उरलेली गरज करारांनी किंवा प्रमाणपत्रांनी भागवायची, तर येथे हिशेबाच्या दोन पद्धती आहेत. एकीत त्या प्रदेशातील जाळ्याची प्रत्यक्ष वीज धरतात, दुसरीत करारात लिहिलेली. प्रमाणपत्र नव्या पवनचक्कीचे असेल तर कोळसा खरोखर कमी जळेल. ते चाळीस वर्षांपूर्वीच्या धरणाचे असेल, तर हवेला त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण ते धरण तसेही चालणारच होते. टक्केवारीत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून स्वतःच्या पट्ट्यांची वीज किती, नव्या प्रकल्पांची किती आणि निव्वळ प्रमाणपत्रांची किती, असे तीन रकाने अशा प्रत्येक कंपनीकडून मागायला हवेत.

मुराताने २०२४ मध्ये ०.१६ × ०.०८ मिलिमीटरचे धारित्र जाहीर केले. पदार्थ फारच थोडा. पण भट्टीतील उष्णता बरीचशी खर्च होते ती भिंती, तबके आणि वायू तापवण्यात. ठोकळा लहान झाला म्हणून ऊर्जा त्याच प्रमाणात घटते असे नाही. तेव्हा एकूण टनांच्या जोडीला दर दहा लाख धारित्रांमागे किती युनिट वीज लागली हा आकडा, २०१९ पासून वर्षावार, आम्हाला वाचायला आवडेल.